ड्रोन खाली घ्यायला तुला किती मिनिटं लागली?

पत्र थोडक्यात: पूर्व विदर्भातल्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारा २६ वर्षांचा आहे, लग्नाचं शूटिंग करतो. आईने बचत गटातून कर्ज काढून दिलं, त्यातून त्याने नागपूरहून सेकंडहँड ड्रोन घेतला. एप्रिलमध्ये, मोहाच्या दिवसात, गावाजवळच्या जंगलात वणवा लागला. याने शेताच्या बांधावरून ड्रोन उडवला, आग विझवणाऱ्यांच्या डोक्यावर नेला आणि आग सुरू असतानाच रील टाकली. वनरक्षक खालून ओरडत होता, याला ऐकू येत होतं, पण लगेच उतरवला नाही. शेवटी वनरक्षक आणि दोन वनमजूर काम सोडून याच्याकडे आले, भांडण झालं, तेवढ्यात वारा फिरला आणि आग जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला काढून मोकळी केलेली पट्टी, ओलांडून गेली. परत धावताना एका वनमजुराचा हात भाजला, तो याचाच सख्खा चुलतभाऊ. आता ड्रोन जप्त आहे, जबाबाला बोलावलंय. गावातला एक जण म्हणतो वीस हजार दे, मी मिटवतो. मित्र म्हणतात व्हिडिओ उडवून टाक, कारण सुरुवातीला धूर कोणत्या मोहाखालून निघाला ते त्यात दिसते आणि ते झाड कोणाच्या वाट्याचं हे अख्ख्या गावाला माहीत आहे. अमेरिकेत यासाठी ७५ हजार डॉलर दंड आणि जेल आहे असं त्याने कुठंतरी वाचलं. तो विचारतो: मला जेल होईल का, व्हिडिओ ठेवू का उडवू, आणि ताई, आपल्याकडे कुठं हेलिकॉप्टर येते आग विझवायला, मग माझ्या एवढ्याशा ड्रोनने अडलं काय?

बाबू, तुझं पत्र वाचलं आणि मग पुन्हा एकदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मला फक्त तुझी भीती दिसली आणि दुसऱ्यांदा तुझ्या भावाचा हात. त्या हाताबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस. जेलबद्दल दीड पान. घाबरलेला माणूस असंच लिहितो, त्यात तुझं काही वाईट दिसत नाही मला. पण तू सगळ्यात शेवटी जे विचारलंस ना, की माझ्या ड्रोनने अडलं काय, मी तिथूनच सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर तुला मनातून पटलं नाही तर जबाबात तू जे लिहिशील ते सगळं वाकडंच येईल.

आधी अमेरिकेचं बघू. तू वाचलं ते खोटं नाही. तिथली विमान वाहतूक यंत्रणा एफएए ड्रोनवाल्याला ७५ हजार डॉलरपर्यंत दंड लावू शकते आणि सरकारी जंगलातल्या आगीच्या कामात अडथळा आणला तर वर्षभरापर्यंत जेलची तरतूद आहे. एवढं कडक काहून, तर तिथं वणवा विझवायला विमानं झाडांच्या शेंड्यांच्या थोडंसंच वरून उडतात, ड्रोन उडतो त्याच उंचीवर, आणि एक जरी ड्रोन दिसला तरी सगळी विमानं, हेलिकॉप्टरं मागे बोलवावी लागतात. २०१५ च्या जुलैत कॅलिफोर्नियात एका डोंगरी हायवेवर आग उतरली, वर ड्रोन दिसले म्हणून पाणी टाकणारी विमानं वीस-एक मिनिटं थांबली, आणि खाली हायवेवर लोक गाड्या सोडून पळाले, गाड्या जळाल्या. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या आगीत तर ड्रोन खरोखरच विमानाला धडकला. समुद्रातून पाणी उचलून आगीवर टाकणारं कॅनडाहून मदतीला आलेलं विमान होतं ते, त्याच्या पंखाला भोक पडलं, ते जमिनीवर बसवून ठेवावं लागलं. ड्रोनवाल्याने एका पार्किंगच्या गच्चीवरून उडवला होता, आग कशी दिसते ते बघायला, अडीच किलोमीटर लांब नेला आणि मग तो त्याला दिसेनासा झाला. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, ६५ हजार डॉलरच्या वर भरपाई आणि आगग्रस्तांच्या मदतकार्यात १५० तास काम करायचं मान्य केलं. हे मुद्दाम सांगते कारण त्याच्याही मनात वाईट काही नव्हतं. तुझ्यासारखंच, फक्त बघायचं होतं.

आता तू म्हणशील, ताई, पण इथं विमान कुठं. बरोबर आहे. भारतात हेलिकॉप्टर येतच नाही असं नाही, २०२२ मध्ये राजस्थानात सरिस्काला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनीतालला एअरफोर्सची एमआय-१७ तलावातून बादलीने पाणी उचलून जंगलावर टाकत होती. पण तुझ्या गावात त्या दिवशी नव्हतं, मान्य. तुझ्या गावात माणसं होती. त्या अमेरिकेच्या कायद्यात जी जागा विमानाची आहे ना, ती आपल्याकडे त्या पाच-सहा माणसांची आहे, पाठीवर ब्लोअर, म्हणजे हवेने पाला उडवणारं यंत्र, घेतलेल्या, हातात हिरव्या फांद्या घेतलेल्या. त्यांच्याशिवाय आग आणि गाव यांच्यामध्ये दुसरं काहीच नाही.

मी जंगलाच्या काठावरच वाढले. आमचे बाबा वनसमितीत होते, वणवा लागला की रात्री-बेरात्री निघायचे, आई आणि आम्ही पोरी गुंडात पाणी घेऊन जंगलाच्या कडेपर्यंत जायचो आणि तिथंच थांबायचो, कारण बाबांची सक्त ताकीद होती की आत पाऊल टाकायचं नाही. लहानपणी मला ते कठोर वाटायचं. मोठी झाल्यावर त्यांनी एकदा समजावून सांगितलं. लायनीवर, म्हणजे आगीसमोर ओळीने विझवत उभं असताना, प्रत्येकाला आपल्या डाव्या-उजव्या हाताचा माणूस माहीत असतो, वारा कोणीकडून आहे ते माहीत असते आणि पळायची वाट माहीत असते. या तीन गोष्टींवर माणूस जिवंत परत येतो. आता ब्लोअर सुरू असला की त्या आवाजात हाका तर ऐकूच येत नाहीत, सगळं नजरेवर आणि हाताच्या खुणांवर चालते. तशात डोक्यावर घूं घूं करत काही आलं की माणूस वर बघतो. तू वर बघितलं नसतंस का? आणि कधीकधी आगीच्या समोरून उलटी आग लावून मधला पाला जाळून टाकतात, तेव्हा मध्ये कोणी राहिला नाही ना हे बघणारा एकच माणूस असतो, बहुतेक वेळा वनरक्षक. तोच माणूस त्या दिवशी तुझ्या बांधावर उभा राहून तुझ्याशी भांडत होता.

नागझिरा अभयारण्याचं तुला आठवत असेल. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथं वणवा विझवताना तीन वनमजूर गेले. तिथं ड्रोनचा काही संबंध नव्हता, वाऱ्याने आग भडकली आणि माणसं आत सापडली. अनुभवी, त्याच भागातली पोरं. म्हणून मी तुला म्हणते की आग तुझ्या ड्रोनने वाढली का, हा प्रश्नच सोडून दे. ड्रोनमुळे तीन माणसं किती मिनिटं लायनीवरून हटली, एवढंच विचार. तू पत्रात लिहिलंस "थोडा वेळ". रेकॉर्डिंगमध्ये तो वेळ मिनिटा-सेकंदासकट दिसेल. तो आकडा तू स्वतः बघ आणि कागदावर लिही. वकिलासाठी नाही, तुझ्यासाठी.

आणखी एक, जे बहुतेक ड्रोनवाल्यांच्या डोक्यात येत नाही. आगीवरची गरम हवा वर उसळते, त्यात ड्रोन कंट्रोलच्या बाहेर जाऊ शकतो, आणि वाळलेल्या पाल्यात लिथियमची बॅटरी फुटली की तीच नवीन आग. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अरिझोनात कोसळलेल्या ड्रोननेच जंगल पेटलं होतं. आणि तुझी रील. आग सुरू असताना टाकली म्हणून किती पोट्टे गाड्या घेऊन बघायला आले हे तूच लिहिलंस. त्यांनी गाड्या ज्या पायवाटेवर लावल्या तीच माणसांची पळायची वाट असू शकते, अरे.

तू लिहिलंस की मी वरून दाखवत होतो आग कुठं पसरून राहिली ते. मला तुझ्या मनाबद्दल शंका नाही. पण कोणाला दाखवत होतास? खाली कोणाच्या हातात तुझा स्क्रीन होता? वनरक्षकाच्या मोबाइलवर तू एक फोटो पाठवला असतास तर ती मदत झाली असती. खालचा माणूस हात हलवून "खाली घे बे ते" म्हणतो आणि आपण अजून एक चक्कर मारतो, तेव्हा ती मदत राहत नाही. हे ऐकायला कडू लागेल, पण माझ्यापेक्षा कोर्टात कोणी हेच विचारेल तेव्हा जास्त कडू लागेल.

आता कायद्याचं. तू एकच कायदा शोधत होतास, "वणव्यात ड्रोन उडवला तर इतका दंड" असा, तो सापडला नाही म्हणून तुला वाटलं आपण सुटलो. असं होत नाही, आपल्याकडे ते तीन-चार कायद्यांत विखुरलेलं आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नियम मोडला तर १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो. २५० ग्रॅमच्या वरचा तुझा ड्रोन, त्याला यूआयएन म्हणजे नोंदणी नंबर लागतो, थर्ड पार्टी विमा लागतो, आणि तू लग्नाचे पैसे घेतोस म्हणजे धंद्यासाठी उडवतोस तर रिमोट पायलट सर्टिफिकेटही लागते. सेकंडहँड घेताना यातलं काय होतं, काय नव्हतं हे तू पत्रात लिहिलंच नाहीस, आणि मला वाटते तिथंच तुझं खरं दुखणं आहे. त्याच नियमांत असंही आहे की राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागाला तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोनला बंदी असलेला भाग, जाहीर करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. मोठ्या आगीत तसं केलं असेल आणि त्यात कोणी उडवला तर मग "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका नाही, उडवायच्या आधी कुठं बंदी आहे तो नकाशा बघणं उडवणाऱ्याचं काम आहे.

दुसरं, वनरक्षक सरकारी कामावर होता. सरकारी कामात अडथळा, भारतीय न्याय संहितेचं कलम २२१, त्यात ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेजबाबदारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला आणि त्याला इजा झाली तर कलम १२५, त्यात ६ महिन्यांपर्यंत. भांडणात हात लावला असेल, ढकलाढकली झाली असेल तर कलम १३२, आणि ते जड आहे, म्हणून ते वकिलापासून लपवू नको. आग अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात होती तर १९७२ चा वन्यजीव कायदा येतो, तिथं विनापरवानगी ड्रोन नेणंच महागात पडते, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंडाची त्यात सोय आहे. तुझ्या प्रकरणात यातलं कोणतं लागलंय ते पंचनाम्यावर आणि जप्तीच्या कागदावर लिहिलेलं असेल. त्याची प्रत माग. मिळत नसेल तर लेखी अर्ज देऊन माग.

एक कलम मात्र तुझ्यासारख्या सगळ्यांनी वाचायला पाहिजे असं मला फार वाटते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम ७९. तुझ्या घरचे मोहा वेचतात, तेंदूपत्ता तोडतात, जनावरं चारतात, होय ना? राखीव किंवा संरक्षित जंगलात असा हक्क किंवा परवानगी असणाऱ्याने आग दिसली की खबर द्यायची आणि विझवायला हात लावायचा हे कायद्याने बंधनच आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत तू बांधावरचा बघ्या नव्हतासच. तू लायनीवरचाच माणूस होतास, जागेवर नसलेला.

जबाबाला जाण्याआधी वकिलाला भेट, नंतर नाही. पैसे नाहीत म्हणून थांबू नको, तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते, आणि बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना कमाई न बघता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना कमाईच्या मर्यादेत. लोकांना एक गोष्ट माहीत नसते म्हणून सांगते: वनअधिकारी म्हणजे पोलीस नाहीत, म्हणून त्यांच्यासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात तुझ्या विरोधात वापरला जाऊ शकतो. मी तुला खोटं बोल म्हणत नाही, उलटंच म्हणते. जे झालं तेच सांग, पण लिहिलेलं पूर्ण वाचून सही कर, कोऱ्या कागदावर अजिबात नको, आणि वाचताना काही चुकीचं वाटलं तर तिथंच दुरुस्त करून घे.

व्हिडिओ उडवू नको. रील लोकांसमोरून काढून टाक, ते वेगळं. मूळ फाइल आणि कार्ड जसंच्या तसं ठेव, कार्ड ड्रोनसोबत जप्त झालं असेल तर मोबाइलमध्ये जे उतरलंय तेही ठेव. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि आज तुझ्यावर जे आहे त्यापेक्षा तो जास्त जड जाईल. मित्र तुला वाचवायला सांगून राहिले की त्या मोहावाल्याला, हेही एकदा शांतपणे विचार.

आणि हा मोहाचा भाग तुला सगळ्यात जास्त टोचतोय हे मला कळते. गावात झाडं वाटून घेतलेली असतात, फुलं दिसावी म्हणून खालचा पाला पेटवायची सवय पिढ्यांची, आणि दर वर्षी त्यातूनच आग जंगलात शिरते. तुला वाटते की व्हिडिओ दिला तर मी चुगलीखोर ठरलो. बघ, तुला दिसला धूर. काडी लावणारा हात तुला दिसला नाही. म्हणून जबाबात कोणाचं नाव घ्यायचं नाही, "ते झाड अमक्याचं" असा अंदाज सांगायचा नाही, फक्त रेकॉर्डिंग लेखी पोच घेऊन द्यायचं आणि सांगायचं की मी इतक्या वाजता इथून हे टिपलं. पुढचा तपास त्यांचा. नाव घेऊन तू एखाद्या निर्दोष माणसालाही अडकवशील, आणि उडवून टाकशील तर स्वतःला. गावात बोलणारे बोलतील, काही दिवस तुला पारावर बसवणार नाहीत. ते सोपं आहे असं मी म्हणत नाही. तरी माझं मत हेच.

वीस हजारवाल्याला नाही म्हण. वन कायद्यात काही गुन्ह्यांसाठी अधिकृत तडजोड आहे, कलम ६८, त्यात अधिकारी रक्कम ठरवतो आणि पावती मिळते. तुझ्या प्रकरणात ती लागू होते का हे वकील विचारेल. पावती नाही ती तडजोड नाही, ती लाच, आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. शिवाय वीस हजार कुठून आणशील? पुन्हा आईच्या गटातून? गटातल्या बायांना आईने खरं सांगावं असं मला वाटते, ड्रोन जप्त आहे, हप्ता दोन महिने मागे-पुढे होईल. गावात ते तसंही माहीत झालं असेलच, तिच्या तोंडून गेलं तर तिचा मान राहील.

हे वाचणारे अजून लग्नवाले, फवारणीचे ड्रोन चालवणाऱ्या ड्रोन दीदी, कॉलेजची पोरं, त्यांच्यासाठीही सांगते. १५ फेब्रुवारी ते १५ जून आपल्याकडे वणव्याचा हंगाम असतो. या दिवसांत जंगलाच्या काठावर उडवताना धूर दिसला तर आधी ड्रोन खाली घ्यायचा, मग १९२६ ला फोन, तो हॅलो फॉरेस्टचा टोल फ्री नंबर आहे, आणि आपल्या बीटच्या, म्हणजे आपल्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षकाचा नंबर मोबाइलमध्ये आधीच सेव्ह पाहिजे. आग विझेपर्यंत जागा सांगणारी कोणतीच पोस्ट नाही. ड्रोनने मदत करायची खरंच इच्छा असेल तर जानेवारीतच आरएफओकडे, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जा, तुझे कागद दाखव, लेखी द्या म्हण, आणि उडवायचा तो त्यांचा माणूस शेजारी उभा असताना, तो म्हणेल तेव्हाच. खात्याजवळ आता स्वतःचे ड्रोनही असतात, हवेत दोन झाले तर काय होईल ते तुला सांगायला नको. सर्टिफिकेटसाठी दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण लागते, मान्यताप्राप्त संस्थेत ट्रेनिंग होते, फी आहे पण एका सीझनच्या लग्नांत निघते. तुझा हा ड्रोन परत मिळाला आणि त्याची नोंदणीच होऊ शकत नसेल, तर तो उडवू नको. कर्जाचं माहीत असूनही म्हणते. शूटिंगला काही महिने साधा कॅमेरा चालेल, वधूपक्ष ओरडेल थोडा.

राहिला भाऊ. तू लिहिलंस तो बोलत नाही. वकील कदाचित म्हणेल की केस संपेपर्यंत त्याला पैसे देऊ नको, ते कबुलीसारखं दिसेल. पैशाचं वकिलाला विचारूनच ठरव. पण ड्रेसिंगला त्याला गाडीवर न्यायला कोणाची परवानगी लागत नाही. हंगामी वनमजूर म्हणजे रोजावरचा माणूस, हात बरा होईपर्यंत त्याची रोजी बुडून राहिली असेल, तेंदूचा सीझन तोंडावर आहे, एका हाताने पत्ता तुटत नाही. त्याच्या घरचे पुडे बांधायला तू बसू शकतोस. काकू आधी दारातून परत पाठवेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ड्रोन, केस, व्हिडिओ यातलं काही त्याच्यासमोर काढू नको, आधी हात कसा आहे ते विचार, आणि संध्याकाळी जा, दुपारी तो औषधाने झोपलेला असेल.